रेव्हरंड टिळकांची वाणी आणि प्रार्थना

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी ख्रिस्ती घरात लहान मुलालाही ठाऊक असते. 'उपासना संगीत' उघडले की कितीतरी गीतांखाली तेच नाव दिसते. पण या गीतांमुळे आपली एक फसगतही होते. ती इतकी गोड, इतकी नम्र आहेत की ती लिहिणारा माणूस जन्मापासूनच शांत, मृदुभाषी आणि भक्तीत बुडालेला असणार, असे आपण धरून चालतो. तसे मुळीच नव्हते. टिळक विलक्षण तापट होते. त्यांचा राग घरातल्यांना, मित्रांना आणि मिशनऱ्यांनाही माहीत होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये तो कुठेही झाकून ठेवलेला नाही. विश्वासणाऱ्याचे बोलणे आणि त्याची प्रार्थना यांविषयी लिहायचे ठरले तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली, ती याच कारणाने. ज्याची जीभ मुळातच गोड आहे त्याच्या चरित्रातून आपल्यासारख्यांनी काय शिकायचे?

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेल्या. मुलामध्ये दोघेही उतरले, असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहून म्हणावेसे वाटते. आई लवकर गेली. तिच्या मागे मुलाचे घरात मन रमेना. तो नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. थोडे इंग्रजीही शिकला. पण शिक्षण पुरे झाले नाही. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. याच आपल्या लक्ष्मीबाई. लग्नात त्या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला भटकणे होते. टिळकांनी कधी शिक्षकाची नोकरी केली, कधी छापखान्यात काम केले. पुराण सांगितले, कीर्तन केले. मनात आले की नोकरी सोडायची आणि घरी न सांगता निघून जायचे, अशी त्यांची रीत होती. ते वक्ते म्हणून प्रसिद्ध होते आणि शीघ्रकवी होते. सभेत उभे राहिले की लोक ऐकत राहत. 1891 च्या सुमारास नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या कामावर ते रुजू झाले आणि 'ऋषी' नावाचे मासिक काढले. या काळात जातिभेद नको, मूर्तिपूजा नको, देशाला नवा धर्म हवा, असे विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते. तो धर्म आपणच स्थापन करावा असेही त्यांना वाटे. बोलण्याचे सामर्थ्य असलेल्या माणसाला हा मोह फार लवकर होतो.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. त्या काळी नागपूर, राजनांदगाव संस्थान आणि आमचे जबलपूर हे सगळे मध्य प्रांतातच मोडत असे. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. ते फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असल्याचे सांगितले जाते. दोघांचे बोलणे सुरू झाले ते कवितेवरून आणि संस्कृतावरून. मग धर्माचा विषय निघाला. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि हे वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत खुळेपणाचे वाटले. पण त्या माणसाच्या बोलण्यातला आदर त्यांच्या लक्षात राहिला. त्याने वाद घातला नव्हता आणि हिंदू धर्माची टिंगलही केली नव्हती. साक्ष देताना आपण कसे बोलतो, याचा विचार करताना ही भेट जरूर आठवावी. त्या डब्यात चढा आवाज लागला असता तर पुस्तक बहुधा खिडकीतून बाहेर गेले असते. टिळकांचा स्वभाव पाहता मला तरी तसेच वाटते.

वचन दिले म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतले. हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, पहिल्या पानापासून वाचायचे असा त्यांचा बेत होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तिथेच थांबले. पुढे जाववेना. हिंदू तत्त्वज्ञानातले जे अवघड प्रश्न त्यांना सतावत होते, त्यांची उत्तरे या तीन अध्यायांत मिळाली असे त्यांनी पुढे सांगितले.

हे अध्याय आपण सर्वांनी अनेकदा वाचले आहेत. तरी पुन्हा एकदा टिळकांच्या डोळ्यांनी पाहावेत. पाचव्या अध्यायात प्रभू खुनाविषयी बोलू लागतो आणि लगेच रागावर येतो, भावाला मूर्ख म्हणणाऱ्या तोंडावर येतो. त्याच अध्यायात पुढे शपथा नकोत, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, अशी शिकवण आहे. सहाव्या अध्यायात तो प्रार्थनेकडे वळतो. चव्हाट्यावर उभे राहून करू नका, खोलीत जा आणि दार लावा, शब्दांचा पाल्हाळ लावू नका, कारण तुम्ही मागण्यापूर्वीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. म्हणजे आधी माणसांशी बोलायची जीभ आणि लगेच देवाशी बोलायची जीभ. शब्दांवर पोट भरणाऱ्या, शब्दांवर टाळ्या मिळवणाऱ्या आणि रागाच्या भरात शब्दांनी घायाळ करणाऱ्या एका पस्तिशीच्या आतल्या ब्राह्मण पंडिताला हे वाचताना काय झाले असेल! पुस्तक त्याच्या दुखण्यावरच बोट ठेवीत होते.

त्यानंतर दोन वर्षे प्रश्न, पत्रव्यवहार आणि वाचन चालले. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. मराठी संतांची चरित्रे पुढे इंग्रजीत आणणारे ॲबट ते हेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो एका भारतीय पाळकाच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती आणि रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांनी तो दिला. गाडीतल्या त्या प्रवाशाचे भाकीत दोन वर्षांच्या हिशेबात बसले होते.

घरावर मात्र आकाश कोसळले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोक काय काय बोलले असतील ते आज वाचतानाही अंगावर काटा येतो. जवळजवळ पाच वर्षे हे दोघे वेगळे होते. या काळात टिळकांनी त्यांना पत्रे लिहिली, कविता लिहिल्या. दुसरे लग्न करायचा सल्ला त्यांनी कानांवर घेतला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हाही त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, त्यांचे वेगळे पाणी, सगळे टिळकांनी चालवून घेतले. एरवी मिठाच्या खड्यावरून भडकणारा हा माणूस या एका बाबतीत थांबून राहिला. जातिभेद आधी लक्ष्मीबाईंच्या मनातून गेला, तोही त्यांचा त्यांनी विचार करून, आणि मग 1900 साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताने टिळकांची जीभ बदलली का, असे कोणी विचारले तर मी आधी या पाच वर्षांकडे बोट दाखवीन. त्या काळात ते काय बोलले यापेक्षा काय बोलले नाहीत, ते मला मोलाचे वाटते.

राग गेला का? नाही, एकदम गेला नाही. आपल्याकडे साक्षी सांगताना अमुक दिवशी प्रभूला भेटलो आणि त्या दिवसापासून सगळे बदलले, असे म्हणायची सवय आहे. लक्ष्मीबाईंची साक्ष अशी नाही. बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही त्यांच्या लेखणीतून तसेच तडकतात, पैसा हाती राहू देत नाहीत, घरात धान्य नसताना दारी आलेल्याला सगळे देऊन टाकतात, रुसतात. पण एक गोष्ट दिसत जाते. रागानंतरचा पश्चात्ताप खरा होतो आणि लवकर येतो. तरुणपणी रागावले की ते घर सोडून जात. पुढे पुढे ते परत येतात, चूक कबूल करतात, बायकोची क्षमा मागतात. त्या काळच्या नवऱ्याने बायकोची क्षमा मागणे ही केवढी गोष्ट होती, हे आपल्या आजी-पणजींना विचारायला हवे होते. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागणे आणि क्षमा करणे एकाच वाक्यात आहे. टिळकांच्या घरात ते वाक्य स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते.

आता त्यांच्या प्रार्थनेकडे येतो, कारण टिळकांचे सर्वांत मोठे काम तिथेच आहे.

अहमदनगरला ते मिशनच्या शाळांत आणि पाळकांच्या शिक्षणात काम करू लागले. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेव्हाच्या मराठी मंडळ्यांत गायली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाल परदेशी, ओळींची लांबी चालीला बसवण्यासाठी ताणलेली, आणि शब्द असे की घरात कोणी तसे बोलत नसे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालींची गीते आधीच रुजवायला घेतली होती, हेही इथे नमूद केले पाहिजे. टिळक त्या वाटेवरचे पहिले नव्हेत. पण ती वाट त्यांनी राजमार्ग केली. ओवी, अभंग, पद, भजन हे सगळे त्यांच्या अंगात बाळपणापासून मुरलेले होते. तुकाराम त्यांचा जीव की प्राण होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, या अर्थाचे ते बोलत. म्हणून ख्रिस्ताशी बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी तुकोबांची भाषा टाकून दिली नाही. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. विठ्ठलाशी भांडावे तसे ते त्याच्याशी भांडले आणि लेकराने पदर ओढावा तसे त्याला बिलगले.

काही मिशनऱ्यांना आणि काही आपल्याच लोकांनाही हे फार हिंदू वाटले. ही शंका अगदीच फोल होती असे मी म्हणणार नाही. शब्दांच्या मागे त्यांचे जुने अर्थ येतात आणि काळजी घ्यावी लागते. पण परक्या शब्दांत केलेल्या प्रार्थनेचा धोका आपण मोजतच नाही. ती प्रार्थना ओठांवर राहते. आमच्या जबलपुरात तर मराठी विश्वासणाऱ्यांची वेगळीच गंमत आहे. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या भागात आहे, पण बाजारात हिंदी, दफ्तरात हिंदी, उपासनेतही बहुधा हिंदीच. लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे शहरात निरनिराळ्या प्रांतांची माणसे येतात, त्यांच्या प्रार्थनाही कानावर पडतात. या सगळ्यात आपल्या तोंडी एक तयार प्रार्थना बसून जाते. डोळे मिटले की आवाज बदलतो, शब्द जड होतात, तीच विशेषणे त्याच क्रमाने येतात. दहा मिनिटांपूर्वी दूधवाल्याशी आणि मुलाशी बोलणारा माणूस कुठे गेला, असे वाटावे. माझ्याही प्रार्थनेचे असेच होते. टिळकांचे एखादे भजन म्हटले की मात्र तो जडपणा उतरतो, कारण त्या भजनात घरातले माणूस घरातल्या भाषेत बोलत असते.

याच सुमारास पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या. अशिक्षित बाईलाही कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. दोघेही गाढे संस्कृतज्ञ, आणि दोघांनीही देवासमोर पांडित्य उतरवून ठेवले.

टिळकांच्या प्रार्थनागीतांत मागणे फार थोडे आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. पैसा नाही, आरोग्य नाही, अडचणीतून सुटकाही क्वचितच. बहुतेक ठिकाणी ते एकच मागतात, तो स्वतः. घरात पैशाची कायम ओढाताण, अनाथ मुलांचा आणि पाहुण्यांचा राबता, मूल गेल्याचे दुःख, प्लेगचे दिवस, हे सगळे असताना. आपल्या प्रार्थनासभेतील विनंत्यांची यादी पाहिली की हा फरक बोचतो. विनंत्या करू नयेत असे नाही, रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले आहे. पण टिळकांना तोच हवा होता, आणि तो मिळाला की भाकरीची चिंता ते त्याच्यावर टाकून देत. लक्ष्मीबाईंना मात्र त्या भाकरीचा हिशेब ठेवावा लागे, हेही खरे!

प्रार्थनेत अशी सवय झालेल्या माणसाचे बाहेरचे बोलणेही त्याच वळणावर गेले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना बालकवी ही पदवी मिळाली, ते पुढे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. त्या घरात प्रार्थना रोज होत असे आणि ख्रिस्ताचे नाव सतत कानावर पडे. पण ठोमरे हिंदूच राहिले आणि त्यासाठी त्यांचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. 1918 मध्ये भादलीला रेल्वेखाली ठोमरे गेले, तेव्हा टिळकांनी मुलगाच गमावला. धर्मांतर करून आलेल्या माणसाला आपण जे सोडले त्याची निंदा करण्याचा मोह असतो. ऐकणारे टाळ्याही देतात. टिळकांनी तसे केले असते तर मिशनमध्ये त्यांचे कौतुकच झाले असते. त्यांनी उलट तुकारामांना आणि आपल्या देशाला उघडपणे मान दिला. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करताना त्यांनी मिशनऱ्यांना खडे बोल सुनावले. भारतीय मंडळीचे मायबाप होऊ नका, भाऊ व्हा, असा त्यांचा सूर होता. इथे त्यांची जीभ तिखट आहे, पण तिच्यात द्वेष नाही. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांनाच तोंडावर सांगणे आणि पाठीमागे न बोलणे, होय ते होय आणि नाही ते नाही, हे मला त्यांच्या संपादकीय कामात दिसते.

1917 साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला आपला स्वामी मानणारे सगळे एकत्र येतील असा बंधुसंघ त्यांच्या मनात होता. बाप्तिस्म्याविषयीची त्यांची ही मोकळीक सगळ्यांना पटली नाही आणि आजही पटणार नाही. मलाही त्यात काही प्रश्न दिसतात. दरबाराला वेळ फार थोडा मिळाला. प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या टेबलावर 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. 1909 साली आरंभलेले, प्रभूचे चरित्र ओवीबद्ध सांगणारे हे काव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लग्नानंतर टिळकांनी अक्षरओळख करून दिली, ज्यांचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, ज्यांनी त्यांचा राग सर्वांत जास्त सोसला, त्याच बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले. हे करताना त्या घर चालवीत होत्या, नातवंडे सांभाळीत होत्या, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून टिळकांच्या चुका आणि टिळकांची भक्ती दोन्ही आपल्यासाठी ठेवीत होत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आले ते त्यानंतर.